आपापला तोल

काही शब्द माणसांसारखे असतात. एकेकटे भेटले तर अगदी सालस. पण दोघांची गाठ पडली की त्यांच्याविषयी कुजबूज सुरू होते. ‘नाच’ हा असाच एक शब्द. तो मोराचा असो, वारकऱ्याचा असो की घरातल्या शेंडेफळाचा असो, त्याला कोणी नावे ठेवीत नाही. ‘बार’ तर त्याहूनही घरंदाज. मुलीच्या लग्नाचा बार उडवून देणे यासारखे दुसरे पुण्यकर्म आपल्याकडे नाही. परंतु हे दोन शब्द शेजारी शेजारी बसले, की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीला इतिहासही आहे. २००५ साली महाराष्ट्र सरकारने बारमधील नाचांवर बंदी घातली, २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालावर शिक्कामोर्तब केले. न्यायालये निकाल देऊन मोकळी झाली. आठी मात्र अद्याप कपाळावर आहे.

आमच्या मुलीने आम्हा उभयतांना “शुक्रवारी रात्री सालसाला या” असे आमंत्रण दिले, तेव्हा माझ्या पत्नीने तो शब्द ‘सालस’ असाच ऐकला, आणि कोणा सालस मुलाची भेट घडवावयाची असेल अशा समजुतीने ती आनंदाने हो म्हणून बसली. ते एका नाचाचे नाव आहे व तो नाच एका बारमध्ये चालतो, हे तिला मागाहून कळले. “लग्नाचा बार उडवायच्या वयात ही आपल्याला नाचाच्या बारमध्ये नेतेय!” असे ती म्हणाली. मी हसलो, पण त्या विनोदाच्या पोटात काळजी होती. मुलीला अठ्ठाविसावे सरत आले आहे. हिंजवडीच्या एका कंपनीत ती नोकरी करते व तिथेच लहानसे घर घेऊन एकटी राहते. तिच्यासाठी एक स्थळ आपण होऊन चालत आले होते. मुलगा हुशार, निर्व्यसनी, जर्मनीत स्थिरावलेला. दोनदा भेटी झाल्या. त्याला मुलगी पसंत पडली. मुलीने मात्र होय म्हटले नव्हते, आणि नाहीही म्हटले नव्हते. तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

हिंजवडी हे गाव मुळशी तालुक्यात मोडते, हे तिथल्या काचेच्या इमारतींकडे पाहून कोणाला सुचावयाचे नाही. मुळशी म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे भाताची खाचरे आणि तालमीतले पहिलवान उभे राहतात, आंबेमोहराचा वास आठवतो. मागच्या पिढ्यांना आठवे तो १९२१ चा सत्याग्रह. टाटा कंपनीचे धरण होऊ नये म्हणून इथले मावळे शेतकरी सेनापती बापटांच्या मागे उभे राहिले. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली, १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला पोहोचली. मुंबईत तेव्हा विलायती नाचाचा बहर होता. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. त्या झगमगाटातले मुळशीच्या वाट्याला काही आले नव्हते. ते आता, नव्वद वर्षांनी आले म्हणावयाचे. ज्या गावाहून चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड वाकडला निघते, त्याच गावात आता शुक्रवारी रात्री क्यूबाची वाद्ये ऐकू येतात.

जागा एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना पिवळा व निळा रंग, हवानाच्या रस्त्यांवरील जुन्या लांबलचक मोटारींची चित्रे, आणि मधोमध चे गव्हेराची तसबीर. जन्मभर भांडवलशाहीशी झुंजलेल्या त्या गृहस्थाला गिऱ्हाइके जमवण्याच्या कामी लावलेले पाहून मौज वाटली. मद्याविषयीचा आपला कायदा १९४९ चा आहे, आणि गंमत अशी की, त्याचे नाव अद्याप दारूबंदीचा कायदा असेच आहे. त्या कायद्याने लागणारा परवाना आम्हा दोघांपाशी नव्हता, व त्याची हौसही नव्हती. मुलीने आमच्यासाठी ‘मोहितो’ नावाचे क्यूबाचे पेय रमशिवाय मागवले. रम वगळल्यावर त्यात पुदिना, लिंबू, साखर आणि सोडा एवढेच उरते. “हे तर आपलं पुदिन्याचं सरबत!” असा निकाल देऊन पत्नीने पेला पुढे ओढला, आणि ती प्रथमच जरा सैलावून बसली.

मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. नाच पाहावयाचा तर जागा चांगली हवी, ही आपली पिढीजात शिस्त. पण थोड्याच वेळात ध्यानात आले, की या ठिकाणी पाहणाऱ्यांची कोणी पर्वाच करीत नाही. खुर्च्या भिंतीकडे सारलेल्या, मधली सारी जागा मोकळी, आणि आलेला जो तो त्या मोकळ्या जागेत. आपल्याकडे लावणी असो, कथक असो वा चित्रपट असो, नाचणारी एक आणि पाहणारे शंभर हे प्रमाण ठरलेले. ज्या बारवर बंदी आली तिथेही तेच प्रमाण होते. किंबहुना तिथल्या साऱ्या दुःखाचे मूळ त्या प्रमाणातच होते. पण आपलीच दुसरी एक परंपरा आहे, आणि ती आपण नाचांत धरीतच नाही. मंगळागौरीची रात्र जागवणाऱ्या बायका झिम्मा खेळतात, पिंगा घालतात, फुगड्या घालतात. त्यांना प्रेक्षक नसतात. वारीच्या वाटेवर पिकल्या मिशांचे वारकरी फुगडी घालतात, आणि तुकोबांच्या गाथेत तर फुगडीवरचे अभंगच आहेत. इथे जो येतो तो नाचतो. सालसा या दुसऱ्या कुळातला आहे, असे माझ्या मनाने घेतले, आणि कपाळावरची आठी निम्मी उतरली.

पहिला तास शिकवणीचा होता. शिकवणारी बाई तिशीची, आवाजाने खणखणीत. पुरुषांनी एकला डावा पाय पुढे टाकावयाचा, दोनला भार मागच्या पायावर घ्यावयाचा, तीनला पाय जागी आणावयाचा, चारला स्वस्थ. पाचला उजवा पाय मागे, सहाला भार पुढे, सातला पाय जागी. आठला पुन्हा स्वस्थ. बायकांनी हेच उलट्या पायांनी करावयाचे. मोजण्यात आठ, पावले सहाच. ज्याला आपल्या केरव्याच्या आठ मात्रा ठाऊक आहेत त्याला हा हिशेब जड जाऊ नये. जड जाते ते चौथ्या व आठव्या मात्रेला काही न करणे. सारे नवशिके त्या रिकाम्या जागेतच अडखळत होते. हातपाय चालवणे सोपे, ते वेळेवर थांबवणे कठीण.

‘सालसा’ हा शब्द स्पॅनिश भाषेतला. त्याचा अर्थ कालवण, चटणी. नावाप्रमाणेच हे मिश्रण आहे. क्यूबात उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून नेली होती. तिथली गुलामगिरी १८८६ साली संपली. त्या माणसांचे ढोल आणि स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या तारा यांच्या संयोगातून बेटाच्या पूर्व भागात ‘सोन’ नावाचे गाणे जन्मास आले. पुढे पोर्तो रिको व क्यूबा येथून पोटासाठी न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी ते तिथल्या चाळवजा वस्त्यांत नेले. १९६४ साली जॉनी पाचेको हा डोमिनिकन वादक आणि जेरी मसूची हा वकील या दोघांनी ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली, आणि १९७० नंतरच्या दशकात या मिश्रणाला ‘सालसा’ हे नाव जगभर रूढ झाले. त्याची सम्राज्ञी समजली जाणारी सेलिया क्रूझ १९६० साली क्यूबातून बाहेर पडली ती परत तिथे नांदावयास कधीच जाऊ शकली नाही. म्हणजे घर सुटलेल्या माणसांचे हे गाणे. आमच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी भजने आणि शाहिरी जागवली, ती याच भुकेने. आणि हिंजवडी तरी काय? त्या रात्री तिथे नांदेडचा मुलगा होता, कोचीची मुलगी होती, कलकत्त्याचे जोडपे होते. सारी घरापासून दूर.

मराठी कानाला हा ठेका अगदीच अनोळखी आहे असेही नव्हे. पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५० च्या ‘समाधी’ चित्रपटात ‘गोरे गोरे’ या गाण्याची चाल बेतली ती एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या, पोर्तो रिकोचे नाव मिरवणाऱ्या एका गाण्यावरून. आणि १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचले तेव्हा त्यांच्यामागे बोंगो वाजत होते व पडद्यावर चिक चॉकलेट या गोमंतकीय वादकाचा ताफा होता. आमच्या आया पोळ्या लाटताना ज्या चाली गुणगुणत, त्यांतल्या एकीने असा सातासमुद्रांचा प्रवास केला होता. आमच्या टेबलाशी पाणी घेऊन आलेला मुलगा पौडकडचा होता. सालशाच्या मुळाशी ‘क्लावे’ असते: दोन लाकडी दांड्यांवर, दोन छोट्या आवर्तनांत मिळून पडणारे पाच ठोके, एका आवर्तनात तीन व दुसऱ्यात दोन. तो मुलगा तेच पाच ठोके ट्रेच्या पाठीवर दोन बोटांनी बिनचूक देत उभा होता. मी विचारले तेव्हा लाजून म्हणाला, “गावात भजनाला टाळ असतो ना माझ्याकडं, साहेब. हात बसतो आपोआप.”

शिकवणी संपली आणि खरा नाच सुरू झाला, तसा पत्नीचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. इथला रिवाज असा, की दर गाण्याला जोडीदार बदलावयाचा. गाणे संपले की दोघांनी एकमेकांचे आभार मानावयाचे आणि दुसरीकडे वळावयाचे. आमची मुलगी तासाभरात सातआठ जणांबरोबर नाचली. त्यांत एक टकलाचे, चष्मेवाले गृहस्थ होते, एक घामाने निथळणारा नवशिका होता, आणि एक मुलगीही होती. “अहो, हे काय चाललंय?” पत्नी हळूच म्हणाली. काय चालले होते ते पाहण्यासारखे होते. नवशिक्याची पावले चुकत, तेव्हा मुलगी त्याच्याजोगती साधी होई. निष्णाताबरोबर ती भिंगरीसारखी फिरे. प्रत्येकाला तीन-चार मिनिटे ती पुरती देत होती, आणि कोणालाही त्याहून अधिक देत नव्हती. कॉलेजात तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवताना जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तील हेन्री टिल्नी नाचाची लग्नाशी तुलना करतो तो उतारा मी अनेकदा समजावून दिला आहे. त्या समाजात वराची परीक्षा नाचाच्या दिवाणखान्यात होत असे: तो हात कसा धरतो, दुसऱ्याच्या पावलाचा विचार करतो की नाही. आमच्याकडे कांदेपोह्यांच्या बैठकीत चालून दाखवावे लागे ते मुलीला. मुलगा बसलेलाच असे.

इतक्यात शिकवणाऱ्या बाईंनी येऊन पत्नीलाच उठवले. आपल्याकडे लग्नाला पाणिग्रहण म्हणतात, म्हणजे हात धरणे; परंतु त्या दिवशी धरलेला हात दुसऱ्या दिवसापासून चारचौघांत धरावयाचा नाही, असा आमचा शिष्टाचार. एकतीस वर्षे तो पाळलेली माझी पत्नी पदर खोचून उभी राहिली, आणि पाहता पाहता तिची पावले ठेक्यात पडू लागली. मुलीने तोंडावर हात घेतला. तिला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की तिची आई माहेरच्या आळीत फुगडीसाठी प्रसिद्ध होती. अडचण एकच आली. फुगडीच्या सवयीने ती बाईंचे हात घट्ट धरून मागे रेलू लागली.

“काकू, माझ्या हातावर भार टाकू नका,” बाई हसून म्हणाल्या. “अंगठा सोडा. आपापला तोल आपापल्या पायांवर. हात फक्त निरोप सांगायला.”

“अगं, भार टाकायचा नाही तर हात धरायचा तरी कशाला?”

“मी कुठे चाललेय ते तुम्हाला कळावं म्हणून!”

ती टेबलाशी परत आली तेव्हा दमलेली होती, खुशीत होती, आणि विचारातही होती. “फुगडीत असं नसतं बाई,” ती मुलीला म्हणाली. “तिथे निर्धास्त मागे रेलायचं. समोरची धरून ठेवते.”

मुलगी थोडा वेळ पेल्यातला बर्फ हलवीत राहिली. मग म्हणाली, “आई, तो मुलगा मला काय म्हणाला, सांगू? ‘तू कसली काळजी करू नकोस, सगळं माझ्यावर टाक.’”

“मग त्यात वाईट काय आहे?”

“वाईट काहीच नाही. चांगलाच आहे तो. पण सगळं त्याच्यावर टाकल्यावर मी माझ्या पायांचं काय करायचं?”

पत्नी चटकन् काही बोलली नाही. बोलली ती माझ्याकडे न पाहता. “२०२१ साली तुझे बाबा सतरा दिवस इस्पितळात होते. तेव्हा सगळं माझ्यावर होतं. नुसत्या निरोप सांगणाऱ्या हाताने ते निभलं नसतं गं.”

त्या वाक्याला मुलीपाशी उत्तर नव्हते, आणि मुलीच्या प्रश्नाला आईपाशी नव्हते. मी दोघींच्या मध्ये बसलो होतो, आणि मला दोघींचेही पटत होते.

फुगडीचे शास्त्र मोठे विलक्षण आहे. दोघींची पावले जवळजवळ, हात एकमेकींत तिढा घालून घट्ट, आणि अंगे मागे झोकलेली. त्या क्षणी दोघींपैकी एकीलाही स्वतःचा असा तोल नसतो. तोल असतो तो दोघींच्या मधोमध, हवेत कुठेतरी. म्हणून तर फुगडीला तो वेग येतो, ती गरगर येते, तो आनंद येतो, जो एकट्याच्या पायांना कधी मिळावयाचा नाही. आमच्या वडीलधाऱ्यांचे संसार हे असे फुगडीचे संसार होते. कुणाचा भार कुणावर होता, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. पण फुगडीत मध्येच हात सोडण्याची सोय नसते. ज्या बाईचे मनगट पिळवटत होते, जिला भोवळ येत होती, तिलाही फिरत राहावे लागे. कारण सोडले तर दोघीही आपटणार. अशा किती जणी आपल्या घराघरांतून मुकाट्याने फिरत राहिल्या, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. सालशात ती भीती नाही. तिथे हात सुटला तरी माणूस उभेच राहते. मात्र जो हात कधीही सुटू शकतो, त्याच्यावर विसंबावे किती, हा प्रश्न शिल्लक उरतो. आणि संसारात भोवळ ही तर कधी तरी येतेच.

अकराच्या सुमारास मुलीने मला ओढून नेले. माझा डावा गुडघा अलीकडे कुरकुरतो, म्हणून ती अगदी संथ पावले टाकीत होती. तिची बोटे माझ्या बोटांवर इतकी हलकी होती, की ती आहेत की नाहीत अशी शंका यावी. तिसऱ्या की चौथ्या फेरीला कोणाच्या तरी पेल्यातले पाणी सांडलेल्या फरशीवर माझा पाय पडला आणि निसटला. त्या निमिषात ती हलकी बोटे एकदम लोखंडासारखी झाली. दुसरा हात माझ्या दंडाला आला. मी सरळ झालो. ती काही बोलली नाही, घाबरली नाही. पाचाला पाऊल टाकले, सहा, सात, आणि आठाच्या रिकाम्या मात्रेला तिची बोटे पुन्हा पूर्वीसारखी हलकी झाली होती. ठेका चुकला नव्हता. टेबलाकडे पाहिले तो पत्नी अर्धवट उठून उभी होती. तिने सारे पाहिले होते. ती सावकाश खाली बसली.

घरी परतताना मोटारीत आम्ही दोघेही गप्प होतो. बावधन मागे पडले तेव्हा पत्नी इतकेच म्हणाली, “हलका धरते, पण वेळेवर धरते हो पोरगी.” मी मान डोलावली.

रविवारी मुलाच्या आईचा फोन आला. कुशल विचारून झाले, जर्मनीतल्या थंडीविषयी बोलून झाले, मुहूर्ताचा विषयही सूचकपणे निघाला. माझी पत्नी सारे शांतपणे ऐकत होती. पगार, घर, पत्रिका यांविषयी तिने पूर्वीच सारे विचारलेले होते. आता तिने एकच विचारले, “तुमच्या मुलाला नाचता येतं का हो?” पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग, त्यालाच विचारून कळवते, असे त्या माउलीने सांगितले. ही गोष्ट गेल्या महिन्यातली. मुलगी दर शुक्रवारी जातेच आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.